हसनैनभाईंचा तीन दिवसांचा अंदाज

अकोल्याच्या जुन्या शहरातले हसनैनभाई आमच्या दैनिकात एकोणीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होते. मी तिथं मुद्रितं तपासतो. आमची दोघांची टेबलं तळघरात, पाठीला पाठ लावून. त्यांची बायको माहेनूर अमरावतीच्या एका उर्दू शाळेत शिक्षिका. सहा वर्षं हा माणूस शनिवारी संध्याकाळी अमरावतीची एसटी धरायचा आणि सोमवारी सकाळी पुन्हा तळघरात उतरायचा.

गेल्या वर्षी अमरावतीच्या एका कॉलेजात, कॉम्प्युटर लॅबमध्ये त्यांना जागा मिळाली. दहा मार्चला हजर व्हायचं होतं. माहेनूरनं दोघांसाठी मोठं घर बघायला सुरुवात केली. राजीनामा देऊन झाला होता. अडलं होतं फक्त आमच्या मालकांच्या, अंकुरबाबूंच्या, कार्यमुक्तीच्या पत्रावर.

"जुने फोटो नव्या मशीनवर आणून द्या," अंकुरबाबू म्हणाले, "अन् पत्र घेऊन जा. किती दिवस लागतील, लिहून द्या."

ते फोटो चोवीस जुन्या हार्ड डिस्कमध्ये होते. त्या फक्त एका जुनाट सर्व्हरवर वाचता यायच्या, तेही एका वेळी एकच. हसनैनभाईंनी उभ्याउभ्या हिशेब मांडला. एक डिस्क छत्तीस जीबीची, म्हणजे छत्तीस हजार एमबी. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा वेग दहा. छत्तीस हजार भागिले दहा, तीन हजार सहाशे सेकंद, म्हणजे तासाला एक डिस्क. रोजचे आठ तास धरून तीन दिवस. खाली सही केली.

सोमवारी, तीन मार्चला, सकाळी नऊला पहिली डिस्क लावली. रोजे सुरू होते, त्यामुळं चहाचा प्रश्न नव्हता. तास झाला आणि पडद्यावर आकडा होता साडेबारा टक्के. त्यांनी वायर हलवून पाहिली. मग टॉर्च घेऊन सर्व्हरच्या मागं वाकले आणि कार्डावरची धुळकट पट्टी बोटानं पुसली. बराच वेळ ते तसेच वाकलेले होते.

"काय झालं भाई?" मी विचारलं.

"लहान बी हाय."

मला कळलं नाही. ते खुर्चीत बसले. "इंग्रजीतला मोठा बी म्हंजे बाइट, लहान बी म्हंजे बिट. आठ बिट मिळून एक बाइट. हे कार्ड सेकंदाले दहा मेगाबिट देते. मले आठनं भागा लागत होतं. सव्वा एमबी पडते फक्त. एका डिस्कले एक तास नाई, आठ तास." थांबून म्हणाले, "तीन दिवस नाई. चोवीस."

"वेगवान कार्ड टाका ना."

"मागं टाकून पाह्यलं. हे मशीन ओळखतच नाई."

रात्री चालू ठेवायचीही सोय नव्हती. एकदा शॉर्टसर्किट झाल्यापासून संध्याकाळी सहाला तळघराची लाइन बंद केली जायची.

ते वर अंकुरबाबूंकडे गेले आणि पाच मिनिटांत खाली आले. "म्हणते, तुमीच लिहून देलं. काम झाल्याबिगर पत्र नाई."

मग त्यांनी माहेनूरला फोन लावला. तळघरात रेंज कमी, म्हणून स्पीकरवर बोलायचे. सगळं ऐकून ती म्हणाली, "उन्नीस साल से यही काम कर रए ना तुम?" भाईंनी पडद्यावरचा आकडा पाहिला. "अच्छा," ती म्हणाली, "शनिवार को आओ."

कॉलेजच्या पौर्णिमा मॅडमनी पंधरापर्यंत थांबायचं कबूल केलं. त्यापुढं त्यांच्या हातात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मीच म्हणालो, "भाई, चार डिस्क उतरवा अन् बाकीच्यांची नुसती नावं ठेवून द्या. कोण पाहते?" ते हसले नाहीत. दुपारी पाहतो तर नव्या मशीनवर त्यांनी बावीस रिकामे फोल्डर करून ठेवले होते, प्रत्येकाला वर्षाचं आणि महिन्याचं नाव देऊन. चार वाजेपर्यंत ते त्यांच्याकडे बघत बसले. मग एकेक पुसून टाकला.

त्यानंतर रोज एक डिस्क. धुळवडीच्या सुट्टीतही चावी मागून घेतली. शनिवारी सहाला निघायचे, इफ्तार एसटीतच दोन खजुरांवर. पंधरा तारखेला बारावी डिस्क संपत आली होती, तेव्हा पौर्णिमा मॅडमचा फोन आला. जागा दुसऱ्याला दिली होती. हसनैनभाईंनी "बरं मॅडम" म्हटलं, डिस्क पुरी होताच काढून तिच्या खोक्यात ठेवली आणि खोक्यावर तारीख घातली.

"आता कायले करता बाकीच्या?" मी विचारलं.

"अर्धं काम टाकून कुठं जाऊ?"

एकोणतीस मार्चला चोविसावी डिस्क झाली. अंकुरबाबूंनी खरंच पत्र दिलं. ते खिशात घालून भाई ईदला अमरावतीला गेले. ईद झाल्यावर पुन्हा जिना उतरले. अंकुरबाबूंनी राजीनामा परत घेऊ दिला, वर उपकार केल्यासारखं म्हणाले, "तुमच्याशिवाय ते मशीन कोण चालवणार?"

आता अमरावतीच्या दुसऱ्या एका कॉलेजची जाहिरात आली आहे. मुलाखत येत्या गुरुवारी. रजेचा अर्ज वर जाऊन चार दिवस झाले. भाई काम करता करता जिन्याकडं बघतात. वरून कोणी उतरलेलं नाही.