बिनपासाचं बेट

विश्वासराव पेंडसे पंधराएक वर्षं रोज एका बेटावर जात होते आणि त्यांच्या बायकोने ते बेट एकदाही पाहिलं नव्हतं. बेट म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यांसमोर माड आणि पांढरी वाळू येत असेल तर ती आधी पुसून टाकावी. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर तेलाच्या टाक्या, पाइप आणि धुराडी. उजाडायच्या आत बिशानच्या घरातून निघायचं, कंपनीची बस गाठायची, नाक्यावर गळ्यातला पास दाखवायचा, तेव्हा कुठे बस पुढे सुटायची. ज्याच्याकडे पास नाही त्याला प्रवेश नाही, मग तो कोणी का असेना.

"एकदा तरी तुमची खुर्ची दाखवा मला," सरोजिनी म्हणायची. "जन्मभर डबे भरले. ते कुठे बसून खाता ते तरी कळू दे."

"अगं, पास लागतो. बायकोला आणता येत नाही तिथे. फोटोसुद्धा काढू देत नाहीत."

हे उत्तर इतकं पाठ झालेलं की तिचा प्रश्न संपायच्या आत त्यांच्या तोंडून निघून जायचं. माणूस तसा सरळ होता. दारू नाही, पत्ते नाहीत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण कंपनीत एखादा पंप बंद पडला की यांना घरात अन्न गोड लागत नसे. एकदाच काय ती दोघं सुट्टीला म्हणून बिंतान बेटावर गेली, फेरीबोटीने अगदी जवळ, आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीचा फोन आला. "तू राहा, मी उद्या येतो," म्हणून हे जे निघाले ते परत फिरकलेच नाहीत. सरोजिनी एकटी राहिली आणि शेवटी दोन्ही बॅगा ओढत एकटीच घरी आली. भांडली नाही. उलट चारचौघांत रंगवून सांगायची, "आमच्या ह्यांनी मला बेटावर टाकून दिलं होतं बरं का!" सगळे खो खो हसायचे. विश्वासरावही हसायचे, पण त्यांचं हसणं जरा आधीच संपायचं.

दोन हजार चौदा साली ते निवृत्त व्हायच्या बेताला आले तेव्हा तिने ठणकावून सांगितलं, "आता मला माझं बेट हवं. बिनपासाचं. आणि इतकं लांब, की कंपनीचा फोन आला तरी तुम्हाला पोचता येणार नाही."

एका प्रवास प्रदर्शनातून तिने बार्बाडोसचं माहितीपत्रक आणलं. त्यांची मुलगी क्षिप्रा जवळच सेरंगूनला राहायची. तिने डोक्याला हात लावला. "आई, बाली आहे, फुकेत आहे. कॅरिबियन इज सो फार, लाह!"

"म्हणूनच तर," सरोजिनी म्हणाली.

मग रोज जेवणं झाली की टेबलावर ते माहितीपत्रक उघडायचं आणि तिकडे काय काय करायचं ते ठरवायचं. समुद्रात कासवांच्या शेजारी तरंगायचं. पोहता दोघांनाही येत नव्हतं, पण लाइफ जॅकेट कशासाठी असतं? तळाला काच असलेल्या होडीत बसून बुडालेलं जहाज पाहायचं. शुक्रवारी संध्याकाळी मासेमारांच्या गावात जायचं आणि तिथले ते उडणारे मासे तळून खायचे. पेंडशांच्या घरात मासा कधी शिजला नव्हता. पण सुट्टीतलं खाल्लेलं धरायचं नसतं, असा निकाल सरोजिनीने परस्पर देऊन टाकला. "आणि एक दिवस काहीच करायचं नाही," ती म्हणायची. "समोर समुद्र, दोन खुर्च्या, आणि तुम्ही उठायचं नाही. काही झालं तरी उठायचं नाही."

"नाही उठणार, बाई," विश्वासराव म्हणायचे, आणि या वेळी ते खरंच म्हणत होते.

तिकिटं काढायच्या आधीच तिचं विसरणं सुरू झालं. चहात मीठ पडलं, मग ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकली, मग डॉक्टरांनी त्या विसरण्याला नाव दिलं. प्रवासाचा विषयच संपला. गंमत म्हणा नाहीतर दैव म्हणा, बाकी सगळं तिच्या हातून निसटत गेलं, पण ती सुट्टी काही निसटली नाही. रोज सकाळी ती निळी बॅग भरायची, पर्स मांडीवर घेऊन दाराशी बसायची आणि विचारायची, "टॅक्सी आली का हो?" रोज संध्याकाळी विश्वासराव त्या बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात लावायचे. तिला 'नाही' म्हणताना त्यांचा जीव तुटायचा. दाराला कुलूप घालून किल्ली ते खिशात ठेवू लागले.

"बाबा, तू सरळ सांग ना तिला, की तुम्ही जाऊन आलात," क्षिप्रा एका रविवारी म्हणाली. "आजारी माणसाशी वाद घालायचा नसतो, सगळे तेच सांगतात. शी विल बी हॅपी, लाह."

दुसऱ्या दिवशी दाराशी बसलेल्या बायकोला विश्वासरावांनी सांगितलं, "सरू, अगं जाऊन नाही का आलो आपण बार्बाडोसला? गेल्याच महिन्यात."

ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा उजळला. "हो की!" म्हणाली, उठली, आणि बॅग स्वतःच्या हाताने आत ठेवून आली.

पुढचे काही दिवस मोठे सुखाचे गेले. दुपारच्या चहाला ती सुट्टीच्या गोष्टी काढायची, हे भर घालायचे. कासवाने त्यांच्या पोटाला ढुशी दिली. मासा खाताना त्यांनी आधी डोळे मिटून घेतले. खोटं बोलताना विश्वासरावांना आधी चोरट्यासारखं वाटलं, मग मजा वाटू लागली. जी सुट्टी हातून गेली ती अशी टेबलाशी बसून का होईना, मिळत होती.

"मला ती फुलं फार आवडली," एकदा ती म्हणाली.

"कुठली गं?"

"गुहेतली. जिना उतरून खाली गेलो ना आपण? खडकाला भगदाडं होती, त्यातून समुद्र दिसत होता. तिथल्या पाण्यात फुलं होती. बोट लावलं की मिटायची. तुम्ही म्हणालात, हात लावू नकोस, जिवंत आहेत ती."

विश्वासराव असं काही म्हणाले नव्हते. त्यांनी माहितीपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं, त्यात गुहाच नव्हती. रविवारी क्षिप्राला विचारलं तेव्हा तिने फोनवर शोधलं. बेटाच्या उत्तर टोकाला तशी गुहा होती. तिच्यातल्या पाण्यात फुलांसारखे दिसणारे जीव होते आणि ते हात लावला की मिटत होते.

"वाचलं असेल आईने कुठेतरी," क्षिप्रा म्हणाली. आई गेलं वर्षभर दुकानाची पाटीसुद्धा वाचत नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात शेजारच्या मिसेस लिम दारात थांबल्या आणि सरोजिनीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "वाह, यू गो बीच, आह? सो ब्लॅक ऑलरेडी!" विश्वासरावांनी तेव्हा नीट पाहिलं. महिनोन्‌महिने घराबाहेर न पडलेल्या त्यांच्या बायकोचा रंग रापला होता. बांगड्यांखालची कातडी तेवढी गोरी राहिली होती. संध्याकाळी कपडे धुवायला काढताना तिच्या गाऊनच्या काठाला पांढरी रेघ दिसली. त्यांनी बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट होती. कुलपाची किल्ली त्यांच्याच खिशात होती. आपल्या मनाचे खेळ म्हणून त्यांनी गाऊन मशीनमध्ये टाकला.

मग एका दुपारी चहा घेता घेता ती म्हणाली, "आणि मग तुम्ही गेलात."

"कुठे गेलो?"

"कंपनीचा फोन आला ना तुम्हाला. तू राहा, मी उद्या येतो म्हणालात." तिच्या आवाजात राग नव्हता. हवापाण्याचं बोलावं तसं बोलली.

विश्वासरावांनी कप खाली ठेवला. "अगं, ते बिंतान. आणि तू परत आलीस ना घरी? ही काय इथे बसलीयेस."

तिने भोवती नजर फिरवली. भिंतीवरचं घड्याळ, क्षिप्राच्या लग्नाचा फोटो, देव्हारा. परक्या हॉटेलातली खोली पाहावी तसं तिने सगळं पाहिलं. "मी कुठे परत आले?" ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती त्यांना ओळखेनाशी झाली. पण घाबरली बिबरली नाही, उलट फार अदबीने वागायची. "तुम्ही मराठी बोलता हे बरं झालं," म्हणाली. "इतक्या लांब आपलं माणूस कोण भेटणार?" सकाळी कासवं बघून आले, आज लाटा मोठ्या होत्या, असं काहीबाही सांगायची. आणि नवऱ्याविषयी बोलायची. मिस्टर मोठे हुशार आहेत, कंपनीचं त्यांच्यावाचून पान हलत नाही, उद्या येणार आहेत. हा उद्या रोज सरकायचा. विश्वासराव समोर बसून स्वतःची तारीफ ऐकायचे आणि त्यांना ब्रह्मांड आठवायचं. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिला तिथून घरी कसं आणायचं, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात राहिला.

शेवटी त्यांना एक गोष्ट सुचली. एका दुपारी ती हॉलमध्ये बसलेली असताना ते आतल्या खोलीत गेले, दार लावलं आणि मोबाइलवरून घरचाच नंबर फिरवला. भिंतीपलीकडे फोन वाजला. तिने उचलला.

"सरू, मी बोलतोय."

"अहो!" ती केवढ्यांदा तरी म्हणाली. "किती वाट बघायला लावलीत!"

कित्येक महिन्यांत त्यांना कोणी असं 'अहो' म्हटलं नव्हतं. त्यांना रडूच फुटलं. तिचा आवाज भिंतीतून येत होता आणि कानातूनही येत होता. भिंतीतून येत होता तो नुसताच. कानातल्या आवाजामागे मात्र लाटा फुटत होत्या. त्यांनी मोबाइल दूर धरला, पुन्हा कानाला लावला. लाटा तशाच फुटत होत्या, आणि कुठेतरी लांब कोणीतरी होडीचं इंजिन सुरू करत होतं.

"मी येतोय," ते कसंबसं म्हणाले. "तुला न्यायला येतोय. आत्ताच निघतो. तू हलू नकोस तिथून."

मग तिने आवाज खाली घेतला. "नका येऊ. इथे आता नाका केलाय त्यांनी. पास लागतो."

"मी काढतो पास."

"नाही मिळत. मी विचारलं होतं त्यांना. नवऱ्याला आणता येत नाही इथे, म्हणाले. फोटोसुद्धा काढू देत नाहीत." तिने हे अगदी समजुतीने सांगितलं, पुष्कळ वर्षं तिला ज्या सुरात सांगितलं गेलं होतं त्याच सुरात. "तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. इथे एक मराठी गृहस्थ आहेत, वयस्कर. चहा चांगला करतात. ते बघतात माझ्याकडे. ठेवू? त्यांच्या चहाची वेळ झाली."

फोन बंद झाला. विश्वासराव पलंगाच्या कडेवर बसून राहिले. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. मग त्यांनी तोंड धुतलं, स्वयंपाकघरात जाऊन आलं किसलं, चहा टाकला आणि दोन कप घेऊन बाहेर आले.

ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. केस ओले होते. "या," ती म्हणाली. "आमच्या मिस्टरांचा फोन आला होता आत्ता."

"हो का? काय म्हणाले?"

"येतो म्हणाले." तिने कप हातात घेतला आणि फुंकर घातली. "नेहमी तसंच म्हणतात."

आपला कप टेबलावर ठेवून विश्वासराव तसेच उभे राहिले.

"बसा ना तुम्ही," तिने शेजारची खुर्ची पुढे ओढली. "का तुम्हालाही कुठे जायचंय?"

"नाही," विश्वासराव म्हणाले. "मला कुठेच जायचं नाही."

ते खुर्चीवर बसले. अनवाणी पायांखाली वाळू किरकिरली, ओली आणि गार. सकाळीच त्यांनी ही लादी स्वतः पुसली होती. झाडू दाराआड हाताच्या अंतरावर होता. विश्वासराव उठले नाहीत.