फुवाऱ्याच्या जागेवरची चूल

सुरतेत नवागामच्या पलीकडं नव्या कोर्टाचे खांब उभे राहिले आणि समोरच्या गल्लीला कायद्याचं वेड लागलं. जो उठला त्यानं कोर्टाच्या नावानं दुकान थाटलं. ‘जामीन झेरॉक्स’, ‘इन्साफ टी सेंटर’, ‘काळा कोट टेलर्स’. एका न्हाव्यानं तर ‘वकील हेअर आर्ट’ अशी पाटी रंगवून आरशावर दोन बल्ब लावले. वकील येतील, पक्षकार येतील, पक्षकारांचे साक्षीदार येतील, साक्षीदारांची पोरंबाळं येतील, असा सगळ्यांचा होरा.

कोर्ट तेवढं आलं नाही. स्लॅब पडला नि ठेकेदार बदलला. मग नकाशा बदलला. मग वर एक मजला वाढवायचं ठरलं, म्हणून खालचे खांब पुन्हा जाड करायला घेतले. जामीन झेरॉक्सवाला गोपाल हिंगोलीकडचा. त्याच्या मशिनीतून जामिनाचा एक कागद अजून निघाला नव्हता. निघायची ती आधार कार्डं. काळा कोटवाला शाळेच्या चड्ड्या शिवत बसला.

सगळ्या गल्लीत खुशीत अशी एकच बाई होती, मालतीबाई.

मालतीबाई अमळनेर तालुक्यातली. नवरा भाईदास, त्याची उमर कापडाच्या लूमवर गेली नि लूमनं त्याचे कान नेले. घरात सगळं ओरडून बोलावं लागे. नव्या माणसाला वाटे, भांडण चाललंय. खरं भांडण असलं की ही दोघं गप असत. कोर्टाच्या पत्र्याच्या कुंपणाबाहेर, लिंबाखाली, तिनं चूल मांडली होती. जळणाला सेंटरिंगच्या फुटक्या फळ्या, गिऱ्हाईक म्हणजे आतले मजूर. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याचा ठेचा. ओरिसाचा सळईवाला बी तिच्या हाताखाली ठेचा खायला शिकला होता. कोर्ट एक महिना लांबलं की हिची चूल एक महिना जास्त पेटायची. ठेकेदार पळाला तेव्हा गल्ली सुतकात बसली, आणि हिनं भाईदासला गोड शिरा केला.

“कोर्ट बनी गयं ते मंग काय?” भाईदासनं एकदा विचारलं होतं.

“कथं बनस? तुमी जेवा,” ती म्हणाली.

अशात जिग्नेशभाई आले. कोर्टाभोवती काय काय व्हावं, ते आखायचं काम त्यांच्याकडं. पोरगेलासा, सज्जन माणूस, बोलायला हळू. जेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून हिच्याच खाटेवर बसले आणि नकाशा पसरला. हा चौक, हे पार्किंग, ही दुकानांची ओळ, हा बगीचा. गल्ली वाकून वाकून बघत होती.

“आन मी कुठं?” मालतीबाईनं विचारलं.

जिग्नेशभाईंनी लिंबाकडं पाहिलं, नकाशाकडं पाहिलं आणि बोट ठेवलं. तिथं निळा गोल होता. “अहीं फुवारो आवशे, मासी.”

फुवारा, म्हणजे कारंजं. चुलीवर ओतायला नेमकं पाणीच मिळालं होतं त्यांना. मालतीबाईच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली, आणि तिची भाकरी वाकडी पडल्याचं गल्लीनं पहिल्यांदा पाहिलं.

“मासी, आ बाजू जुओ...” जिग्नेशभाई नकाशाच्या दुसऱ्या कोपऱ्याकडं बोट नेत होते.

“आधी जेवा,” ती म्हणाली, आणि नकाशावरच ताट ठेवलं. पुढं बी ते जेव्हा जेव्हा ‘आ बाजू’ म्हणत, तेव्हा तेव्हा ती भरीत वाढी. फुवारा एकदा ऐकला तेवढा तिला बस होता. आता तिला ऐकायचं नव्हतं, करायचं होतं.

नकाशा पक्का करायची सुनावणी गणपतीनंतर, जागेवरच, ठरली. त्याआधी आली कानबाई. श्रावणातला रविवार. खान्देशी माणूस सुरतेत राहो की पलीकडच्या सचिन गावात, त्या दिवशी घरात नारळाची कानबाई सजवून बसवतो आणि भाऊबंदांना बोलावतो. रोटासाठी गहू घेतात ते घरातल्या पुरुषांच्या नावानं, प्रत्येकाची एक मूठ. तो रोट भावकीतच खायचा. परक्याच्या तोंडी जात नाही.

मालतीबाईनं भाईदासची मूठ घेतली, पोराची घेतली, गावाकडच्या जेठाची, थोरल्या दिराची घेतली. मग हात पुन्हा पिशवीत घातला.

“हाई मूठ कोनी?” भाईदासनं विचारलं.

“एक भाऊबंद ऱ्हाई गया.”

“कोन?”

“फुवारावाला.”

भाईदासला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

कानबाईपुढं सगळी गल्ली जमली. गोपालनं पुढाकार घेतला. “मावशी, देवी तुमच्या घरी बसली, तर नवस तुमच्याच तोंडून. दिवाळीच्या आत कोर्ट सुरू होऊ दे, म्हणा.”

नाही म्हणायची सोय नव्हती. देवीपुढं खोटं बोलायची त्याहून नव्हती. मालतीबाईनं पदर सारखा केला, हात जोडले.

“आई, कोर्ट सुरू होऊ दे.”

“होऊ दे,” गल्ली म्हणाली.

“पन घाईघाईत नको. भितडं पक्की वाळू दे.”

“वाळू दे.”

“रंग दोन हात बसू दे. पावसात कुठं गळू नको दे.”

“नको दे.”

“टाकीवर झाकण येऊ दे. म्हाताऱ्या मानसाला जिना चढवत नाही, तं लिफ्ट नीट चालू दे. आधी चालवून बघू दे. एक पावसाळा बघू दे.”

“बघू—” गल्ली अर्ध्यात थांबली.

“मावशी,” गोपाल म्हणाला, “हा नवस आहे का टेंडर?”

“देवीला अर्धवट सांगू का मंग?” ती म्हणाली, आणि कापूर लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी कानबाईला तापीवर पोचवून बाया परत आल्या, तर जिग्नेशभाई सुनावणीची जागा बघायला आलेले. मालतीबाईनं त्यांना भाऊबंदांच्या पंगतीत बसवलं आणि पानात रोट वाढला. ते चवीनं खाऊ लागले. गावाहून आलेला थोरला जेठ पांडुरंग समोरच बसला होता. रीतीभातीचा कडक माणूस.

“भाईदास, हाऊ कोन शे? रोट बाहेर जात नही, ठाऊक शे ना?”

मालतीबाई जेठाशी थेट बोलत नसे. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि नवऱ्याला सांगितलं. नवरा बहिरा, म्हणून ओरडून सांगितलं. मर्यादा अशी पाळली की रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही कळलं.

“सांगा त्यासले, हाऊ भाऊबंदच शे. त्यानी मूठ घेयल शे.”

पांडुरंगचा घास थांबला. त्यानं बराच विचार केला. मूठ घेतली, दळली, भाजली, आणि गड्यानं अर्धी खाल्ली बी. आता ती परत काढायची कुठून? “मंग आपला धाकला भाऊ,” त्यानं निकाल दिला आणि जेवू लागला.

जिग्नेशभाईंना काही उमजेना. मालतीबाईची सून योगिता सुरतेतच वाढलेली. तिनं गुजरातीत समजावलं. “एटले तमे मारा काका-ससरा थया,” ती म्हणाली आणि गमतीत पदर घेतला. नात्यातला सासरा झालेला तो पोरगा आधी हसला. मग पंगतीत दुसरं कुणीच हसत नाही, हे पाहून थांबला. पांडुरंगनं त्याच्या पानात भावाच्या हक्कानं आणखी तूप ओतलं.

मालतीबाई निर्धास्त झाली. दीर वहिनीची चूल विझवत नाही.

दीर सज्जन होता, तिथंच गाडं अडलं. त्यानं कचेरीत ही गंमत सांगितली. बाकीचे हसले, मोठे साहेब हसले नाहीत. तुझे नातेवाईक त्या जागेवर असतील तर काम दुसऱ्याकडं दे, म्हणाले. कोर्ट अजून उभं राहिलं नव्हतं, पण आपल्या माणसाचा निवाडा आपण करायचा नाही, हा तिथला कायदा सगळ्यात आधी मालतीबाईच्या चुलीला लागू झाला. सुनावणी पुढं गेली. नकाशा गुंडाळून कपाटात गेला.

“एका मुठीनं आमचं वरीस खाल्लं की, मावशी,” गोपाल म्हणाला.

“मी काय केलं? गहू तं माझेच होते.”

वरीस नाही, पण हिवाळा सरला. मग नवी मॅडम आली, अश्विनी पाटील. आपल्याकडचं आडनाव ऐकून मालतीबाईचा जीव भांड्यात पडला.

“गाव कोनतं, बाई?”

“ते मागून सांगते, मावशी. आणि मला रोट-बिट काही खाऊ घालू नका. जिग्नेशभाईंनी सगळं सांगितलंय.” तिनं नकाशा पसरला आणि वर ताट यायच्या आत त्याच्यावर कोपर ठेवलं. “फुवारा इथंच होणार. तुमचा ओटा हा बघा, भिंतीला लागून, टाकीजवळ.”

“माझा?”

“जुन्या खाणावळींना, हातगाडी-लारीवाल्यांना ओटे दिलेत. वर पत्रा, पाण्याचा नळ. पहिल्या नकाशापासून आहेत. जिग्नेशभाईंनी दाखवलं नाही?”

मालतीबाईला ‘आ बाजू जुओ’ आठवलं. पाठोपाठ त्यावर वाढलेलं सगळं भरीत आठवलं. उठली, त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. चिमूटभर राख सोडून वारा कुठून येतो ते पाहिलं. जागा लिंबाखालच्या जागेपेक्षा बरी होती, आणि हे तिला फार लागलं.

“कधी देता?”

“कोर्टाचं उद्घाटन झालं की. फुवाऱ्याची खोदाई मात्र उन्हाळ्यात लागेल. चूल तेवढी आधी हलवा.”

उन्हाळ्यात चूल हलली. कुठं हलणार? गोपालच्या दुकानासमोर. चूल तिथं चालेना, म्हणून गॅस आणला. ठेच्याच्या फोडणीनं झेरॉक्स घ्यायला आलेला माणूस शिंकायचा आणि आधार कार्ड वाकडं निघायचं. आतले मजूर कमी होत चालले, वकील अजून आले नव्हते. कोर्ट कधी सुरू होणार, असं आता रोज सकाळी गल्लीत एकच बाई सगळ्यात मोठ्यानं विचारायची.

श्रावण आला. घरात पाहुण्यांची दाटी, म्हणून यंदा कानबाई जामीन झेरॉक्समध्ये बसली. पुन्हा सगळी गल्ली जमली. मालतीबाईनं पदर सारखा केला.

“आई, मागल्या साली जरा जास्तीचं बोलून गेले. भितडं काय, मानसं आत बसली की वाळतील.”

“वाळतील,” गल्ली म्हणाली.

“रंग एक हात पुरे. गळलं तं बादली ठेवतील. टाकीला झाकण मी देते, माझ्याकडं जुनी परात आहे.”

“अन् लिफ्ट?” गोपालनं मागून विचारलं.

मालतीबाईनं मागं वळून पाहिलं नाही.

“जिना कशाला केलाय मंग?” ती म्हणाली, आणि कापूर लावला.