वहिनीचं लॉगिनचं पान

माझी वहिनी एका रुग्णालयाच्या वेबसाइटवर काम करते. सगळी वेबसाइट तिच्याकडे आहे असं नाही, फक्त लॉगिनचं पान. पण ऐट अशी, की रुग्णालयात डॉक्टर नसले तरी चालेल.

आमचा त्या पानाशी घरोबा आहे, कारण बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं आणि त्या दिवसाची वेळ तिथूनच घ्यावी लागते. सकाळी आठला नोंदणी सुरू होते, आठ-दहाला संपते. ज्याला वेळ मिळाली नाही त्यानं दिवसभर बाकावर बसून, कुणी गैरहजर राहतंय का ते बघायचं. बाबा एका बोटानं चौदा आकडी रुग्ण क्रमांक टाकत, मग जन्मतारीख, मग पासवर्ड. एक अक्षर चुकलं की पान नव्यानं उघडायचं आणि सगळं कोरं! वर फक्त 'काहीतरी चुकले आहे'. काय चुकलं ते सांगितलं असतं तर त्याचं काय जात होतं, कोण जाणे. मी भरून देतो म्हटलं की बाबा चवताळत. "किडन्या गेल्यात माझ्या, बोटं नाही."

अखेर वहिनीनं पान बदललं. आता पासवर्ड चुकला तर पान जागचं हलत नाही. रकान्याखाली लाल अक्षरांत 'पासवर्ड चुकला, पुन्हा टाका' एवढंच येतं, बाकी भरलेलं तसंच राहतं. तिच्या साहेबांना हे पटेना. "पान हललंच नाही, तर काहीतरी झालंय हे लोकांना कळणार कसं?" या गहन प्रश्नावर तीन बैठका झाल्या. शेवटी दोन सेकंद एक चक्र उगाचच फिरवायचं ठरलं, तेव्हा साहेबांचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी नवं पान सुरू झालं. बाबा टेबलाशी, वहिनी शेजारी, मी मागे लुडबुडत. आठला बाबांनी सगळं भरलं आणि पासवर्ड चुकवला. लाल अक्षरं आली. ती न वाचताच बाबांनी पहिल्या रकान्यात जाऊन क्रमांक खोडायला घेतला! चार वर्षांची शिस्त ती. दोन आकडे गेले, तेवढ्यात वहिनीनं त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, काही खोडू नका. फक्त पासवर्ड चुकलाय."

दोन आकडे परत टाकले, पासवर्ड टाकला. आठ वाजून सात मिनिटांनी दुपारी दोनची वेळ मिळाली. मला इतका आनंद झाला की मी वहिनीच्या साहेबांनाही माफ करून टाकलं.

बाबा मात्र पडद्याकडेच बघत होते.

"इतकं सोपं होतं, तर आधी का नाही केलं? कुणी केलं होतं ते जुनं पान?"

"मीच," वहिनी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "तुम्ही एकोणीस वेळा बाकावर बसलात, बाबा. माझ्यामुळे."

"वीस," बाबा म्हणाले. "एकदा मी घरी सांगितलं नव्हतं."