वेलकर सरांची सही

"खानावळीत किती वाट्या होत्या ते लिहिलंस. वाटीत काय होतं ते कुठाय?" वेलकर सर ओरडत होते. गिरगावातल्या तिसऱ्या मजल्यावरून सर ओरडले की चौपाटीवरची कबुतरं उडतात, असं मी विद्यापीठात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्या दुपारी ती बहुधा समुद्र ओलांडून गेली. गिरणगावातल्या खानावळींवरच्या माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण पाचव्यांदा परत येत होतं. मी पिशवीतला एक अर्ज नुसताच चाचपत होते... तो न काढताच चहा प्यायले आणि जिना उतरले. ती आमची शेवटची भेट.

अर्ज मार्गदर्शक बदलण्याचा होता, आणि त्यावर जुन्या मार्गदर्शकाची सही लागते. म्हणजे ज्याला सोडून जायचं, त्याच्याच समोर बसून त्यालाच पेन द्यायचं. हा नियम करणाऱ्याची सरांशी गाठ पडलेली नसावी. माझ्या नोंदणीचं एकच वर्ष उरलं होतं. विभागातल्या तरुण मॅडम म्हणाल्या होत्या, माझ्याकडे ये, आहे तेवढ्यावर वर्षभरात प्रबंध देऊन टाकू. सरांकडे राहिले तर नोंदणी रद्द, सात वर्षं पाण्यात. आणि जायचं, तर सरांना सांगायचं. निवृत्तीनंतर त्यांना नवे विद्यार्थी मिळत नव्हते. मी शेवटची.

तशी मी लालबागची. मिरची कुटायच्या डंकावरच आमची खोली. जन्मल्यावर मी रडले नाही, शिंकले, असं आई सांगते आणि मी त्यात दरवर्षी एक शिंक वाढवते. पण त्या अर्जाने माझी पार शेळी केली. गिरगावचा स्टॉप जवळ आला की मी सीटचा दांडा घट्ट धरायचे. दोनदा तर उतरलेच नाही, त्याच बसने थेट कुलाबा गाठलं. आईला सांगितलं, तर तिने पदर खोचला. "सहीच हवी ना? मी येते. बघते कशी देत नाहीत." झालं, भीती दुप्पट. विभागात मात्र फुशारक्या चालूच... सरांनी पेपरवेट फेकला, मी एका हाताने झेलला. सरांकडे पेपरवेट कधी नव्हताच.

आणखी एक धास्ती होती, ती मी कुणालाच सांगितली नाही. एकदा सर माझ्याबरोबर काळाचौकीला आले होते. एकेकाळी साठ गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या कदम आजींनी त्यांना दरडावलं, "मास्तर, आधी जेवा, मग इचारा." सर निमूट जेवले. मग इतक्या हळू आवाजात विचारलं, की मी वळून बघितलं, हे सरच ना... "आजी, आमटी पातळ कधीपासून करायला लागलात?" आजींनी हातातला वाढायचा डाव खाली ठेवला. मग बोलत सुटल्या त्या दिवेलागणीपर्यंत. सरांना असं पस्तीस खानावळींचं हवं होतं, आणि त्यातल्या निम्म्या बाया आता बोलायला उरल्या नव्हत्या. मॅडमकडे गेले तर डॉक्टर होईन, पण पुन्हा असा प्रश्न मला सुचेल का?

बातमी विभागाच्या ग्रुपवर आली. मी डंकावर आईबरोबर मिरच्यांची देठं खुडत होते. सर सकाळी झोपेतच गेले होते. वाचलं, आणि डोळ्यात पाणी यायच्या आधी मनात जे आलं, ते लिहिताना आजही माझीच मला भीती वाटते... आता सही लागणार नाही.

तीन आठवड्यांनी सरांच्या घरी काकूंना, त्यांच्या पत्नीला, भेटायला गेले. सरांची खुर्ची रिकामी होती, म्हणून मी तिच्याकडे पाठ करून बसले आणि तासभर वाट्टेल ते बडबडले. शेवटी विचारलंच, की मी दुसरीकडे जाणार होते हे सरांना ठाऊक होतं का.

काकू मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "होतं ना. तुझी बेल वाजली की घाबरायचे."