शेवटची आंघोळ

लातूरच्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवते. पूर्वीचे अभ्यासक गावात जायचे, पारावरच्या पुरुषांना विचारायचे आणि साऱ्या गावाची माहिती लिहून टाकायचे. चूल, बाळंतपण, विटाळ हे त्यात यायचंच नाही. मग बाया अभ्यासाला उतरल्या, कुणी लिहिलं, कुणी कॅमेरा हातात घेतला. हा भाग मी दरवर्षी रंगवून सांगते. तो ऐकलेली उदगीरची एक मुलगी पुढं माहितीपट करायला शिकली आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली, "मॅडम, मला तुमच्या आईवर फिल्म करायचीय."

मला हसूच आलं. "तिच्याकडं काय आहे सांगण्यासारखं?"

"त्या मेलेल्या बायांना आंघोळ घालतात ना? सहलीत तुम्हीच एकदा बोलून गेला होतात."

बोलून गेले होते खरी, आणि नंतर हळहळलेही होते. हदगावजवळ आमचं गाव. कुणाच्या घरची बाई गेली की आईला बोलावणं यायचं. परत आली की ती मागच्या दारी डोक्यावरून पाणी घ्यायची, लुगडं धुऊन वाळत घालायची आणि भाकरी करायला बसायची. ती भाकरी खाताना लहानपणी मला कसंतरी व्हायचं. आत काय केलंस, असं मी तिला कधी विचारलं नाही. पुढं समाजशास्त्रात दोन पदव्या घेतल्या, तरीही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी गावी गेलो. मुलीनं पहिले काही दिवस कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. आईबरोबर शेतात गेली, शेंगा फोडल्या, लुगडं नेसायला शिकली. आई तिला "माय" म्हणू लागली. मग एका दुपारी तिनं ओसरीवर कॅमेरा मांडला, आईच्या पदराला छोटा माईक लावला. मी बाजूला बसले होते.

आई सहज बोलू लागली. "पाणी कोमट घ्यावं. मेलेलीला काय कळतंय म्हणतेत लोक. पर आपल्या हाताला तर कळतंय का न्हाई? मी बोलत राहते तिच्यासंगं. आता हात उचल बाई, आता कूस बदल बाई, असं."

"कुणाची आंघोळ लक्षात राहिली, आजी?" मुलीनं विचारलं.

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "एक व्हती. आमच्याच गावची सून. तापानं गेली म्हणले. गेली असंल तापानं, मी काय डाक्टर न्हाई. पर पाठ उघडी केली अन् माझा हातच थांबला. समदे वळ. काही जुने, काळे पडलेले. काही ताजे."

"बंद कर," मी मुलीला म्हणाले. माझ्या तोंडून ते आपसूक निघालं.

मुलीनं माझ्याकडं न बघता आईकडं बघितलं.

"राहू दे चालू," आई म्हणाली. "संग दुसरी कोणी न्हवती. मी पाठीवरून हळू पाणी सोडलं. हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, अन् भाईर आणली. समद्या बाया पाया पडल्या तिच्या. अहेवपणी गेली, भाग्याची म्हणून. मी बी पडले." पदर तोंडावर घेऊन ती बसून राहिली. "म्या झाकलं, माय. माझ्या हातानं झाकलं."

मी उठून आत गेले. चुलीपुढं उगाच उभी राहिले. आई रडत होती, आणि ती सून कोणती हे कळल्यावर मला आधी आठवलं ते त्या घरचं आडनाव, त्यांची आमच्या शेताला लागून असलेली जमीन आणि माझ्या भावाचं गावातलं बसणं-उठणं. वर्गात मी 'मौन' या शब्दावर तासभर बोलू शकते. इथं मौन तुटत होतं आणि मी ते दाबायला निघाले होते.

भावाला रात्री जेवताना कळलं. तो ताट सारून म्हणाला, "तू जाशील लातूरला निघून. गावात आम्हाला राहायचंय." आईच म्हणाली, "फिल्मचं मागून बगू. आधी तिच्या मायला सांगून येते. हे काम मी तवाच करायला पायजे व्हतं."

त्या सुनेचं माहेर इस्लापूरकडं होतं. आम्ही तिघी एसटीनं निघालो. मुलगी कॅमेरा घेऊ लागली तर आई म्हणाली, "ते घरी ठेव." तिनं ठेवला.

म्हातारी दारात कापसातला काडीकचरा निवडत बसली होती. आई तिच्यासमोर जमिनीवर बसली. "अक्का, तुमच्या लेकीला मी न्हाऊ घातलं व्हतं." पुढचं सगळं तिनं खाली मान घालून सांगितलं. म्हातारीचे हात कापसात तसेच राहिले. घरात कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

म्हातारीनं विचारलं, "केस धुतले व्हते का तिचे?"

"हाव. शिकेकाई न्हवती, साबणानं धुतले. येणी घातली."

"लई केस व्हते तिला," म्हातारी म्हणाली. "आम्ही आलो तवा समदं करून ठिवलं व्हतं. तोंड तेवढं बगू दिलं."

मुलीनं फिल्मबद्दल सांगितलं, तुम्ही नाही म्हणालात तर हा भाग राहणार नाही, असंही सांगितलं. म्हातारीनं मान हलवली. "नको माय. नातू त्याच घरात वाढून राहिला. बापाच्या हाताखाली हाय पोरगं. त्याला कोण बगंल?" चहा घ्या असं ती म्हणाली नाही. आम्ही निघालो तेव्हा आईचा हात मात्र तिनं एकदा घट्ट धरला. रागानं की कशानं, मला सांगता येणार नाही.

मुलीनं तो भाग काढून टाकला. उरलेली फिल्म नांदेडला दाखवली, बायकांनी केलेल्या माहितीपटांच्या एका छोट्या कार्यक्रमात. आई आली नाही. पडद्यावर तिचे हात होते, कोमट पाण्याची बादली होती, तिचं ते "आता कूस बदल बाई" होतं. लोकांनी डोळे पुसले. संपल्यावर एक बाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मरणाकडं किती मायेनं बघते हो आपली परंपरा!" मी म्हणाले, "हो ना." कुणीतरी आईसाठी म्हणून पुष्पगुच्छ माझ्या हातात दिला, तोही मी हसत घेतला. परंपरेनं त्या बाईची पाठ झाकली होती, आणि हे त्या सभागृहात आम्हा दोघींनाच माहीत होतं.

मुलीला व्यासपीठावर बोलावलं. ती म्हणाली, "या फिल्ममध्ये एक गोष्ट नाही. ती का नाही, हेही मला सांगायची परवानगी नाही." लोकांना ते काव्यमय वाटलं असावं. टाळ्या पडल्या.

परतीच्या गाडीत तिनं मला विचारलं, "मॅडम, आपण बरोबर केलं का?" वर्गात याचं उत्तर मी चटकन दिलं असतं. ज्याचं जगणं, त्याचाच निर्णय. गाडीत मला ते वाक्य उच्चारवेना. "माहीत नाही," एवढंच म्हणाले.

आई अजून बोलावल्यावर जाते. पण आता दारातच उभी राहते आणि माहेरची बाई आली का, विचारते. आली नसेल तर बसून राहते. लोक चिडतात, उन्हं चढली म्हणतात, पुरुषमाणसं खोळंबली म्हणतात. मध्यंतरी एका घरी तिला न विचारता दुसरीला बोलावलं. भावानं हे मला फोनवर सांगितलं, जरा तक्रारीच्याच सुरात. मी आईला फोन द्यायला सांगितलं.

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? तरी गेले. आत जाऊन बसले मेलेलीच्या उशाशी. तिच्या मायची वाट बगत."