रविवारी चार ताटं

माझा धाकटा भाऊ जहाजावर स्वयंपाकी आहे. हे ऐकलं की लोक डोळे मोठे करून म्हणतात, "वा! म्हणजे सगळं जग फिरला असेल!" कसलं जग आणि कसलं काय! त्याने पाहिलंय ते एक अरुंद स्वयंपाकघर, हेलकाव्यात भांडी घसरू नयेत म्हणून कठडे लावलेली शेगडी आणि थाळीएवढी गोल खिडकी. बावीस माणसांचं तीन वेळचं जेवण. बंदर आलं की बाकीचे उतरून भटकतात, हा बटाट्यांची पोती मोजून घेतो. आठ महिने तिकडे, दोन महिने घरी, असं अकरा वर्षं चाललंय.

त्याला स्वयंपाकी कुणी केलं म्हणाल तर त्या पापाची धनीण मीच.

वडील गेले तेव्हा मी बारा वर्षांची आणि हा तीनचा. आई दिवसभर इस्पितळात फरश्या पुसायची. मी शाळेतून आले की शेजारीण हे शेपूट माझ्या हवाली करून मोकळी व्हायची. स्वयंपाक, कपडे, भांडी, आणि वर हा. एक मिनिट स्वस्थ बसेल तर शपथ! त्याच्याशी खेळायला मला वेळ कुठला? मग मी कामाचाच खेळ केला. घरातल्या सगळ्या भांड्यांची झाकणं जमिनीवर पसरायची आणि म्हणायचं, "बिचारी घर विसरलीत रे, ज्याला त्याला पोचवून ये." हा तासभर मोठं झाकण छोट्या पातेल्यावर आणि छोटं मोठ्यावर करत बसायचा. धुतलेल्या मोज्यांच्या ढिगात जोड्या लावायच्या. मटार सोलताना शेंग उघडायच्या आधी दाणे किती ते सांगायचं, बरोबर आलं तर दाणे त्याच्या तोंडात, चुकलं तर माझ्या. पहिला आठवडा माझी चंगळ झाली. मग हा पठ्ठ्या शेंग बोटांनी चाचपून सांगायला लागला आणि एकही दाणा पातेल्यात पडेना.

मी त्याला शिकवत होते असं कुणी समजू नका. कार्टं पायात येऊ नये आणि चुलीजवळ जाऊ नये, एवढाच माझा स्वार्थ. पण शाळेत घातला तेव्हा बाई म्हणाल्या, याला सगळं येतंय, घरी कोण शिकवतं? मला इतकं हसू आलं!

संध्याकाळची ताटं मांडायचं कामही त्याचंच होतं. तीन माणसं, तीन ताटं. एकदा शहाण्याने चार मांडली. विचारलं तर म्हणतो, "बाबांचं." मी तेरा वर्षांची, डोक्यात कामाचा भडका, मी त्याचा कान धरला. "जेवणारी तोंडं मोजायची. मनातली नाही!" तो रडला नाही. चौथं ताट उचलून जागेवर ठेवून आला, आणि पुन्हा कधी चुकला नाही. त्या कानाची आठवण आली की आजही माझा हात मला नकोसा होतो.

आईही गेली; आता आम्ही त्याच घरात चौघं आहोत. धाकटा, भावजय, मी, आणि त्यांची मुलगी. मुलीला घरीदारी सगळे ठिणगी म्हणतात आणि एक दिवस तिच्याबरोबर काढला की नाव कुणी का ठेवलं ते विचारावं लागत नाही. भावजय औषधांच्या दुकानात काम करते, मी इस्पितळाच्या धुलाईघरातून निवृत्त झाले, त्यामुळे दिवसभर ठिणगी आणि मी. म्हणजे पुन्हा तेच! पुन्हा झाकणं, पुन्हा मोजे, कपडे वाळत घालताना लाल चिमटा कुठे, निळा कुठे. फरक इतकाच की आता माझे गुडघे वाजतात.

धाकटा सुट्टीवर असला की हे सगळे खेळ तो घेतो आणि मला कुणी विचारत नाही. ठिणगी साडेतीन वर्षांची होती तेव्हा जायच्या आदल्या दिवशी त्याने तिला स्टुलावर उभं करून ताटं मांडायला शिकवलं. "लक्षात ठेव, जेवणारी तोंडं मोजायची," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. तिने सगळ्यांच्या हनुवटीला बोट लावलं. बाबा एक, आई दोन, आत्या तीन, मी चार.

दुसऱ्या दिवशी दारात पिशवी खांद्याला लावून तो म्हणाला, "ताई, दर रविवारी दुपारी जेवायच्या वेळेला फोन करीन. तिला मला विसरू देऊ नकोस."

"काहीतरीच बोलतोस! बापाला कोण विसरतं?"

"मी विसरलो होतो," तो म्हणाला. "बाबांचा चेहरा मला आठवत नाही."

तो गेला. पण ते वाक्य मला आठ महिने जेवू देईना. साडेतीन वर्षांच्या डोक्यात न दिसणारा माणूस सांभाळायचा म्हणजे चाळणीत पाणी भरून ठेवण्यातला प्रकार.

पहिले काही दिवस ठिणगी चार ताटं मांडायची आणि बाबांच्या ताटात कुणी वाढत नाही म्हणून माझ्यावर रुसायची. मग एका संध्याकाळी तिने तीनच मांडली.

"अगं, एक राहिलं की!"

"नाही राहिलं." तिने बोट लावून दाखवलं. "आई, आत्या, मी. आत्या, तोंडं तीन आहेत."

भावजय उठली आणि धुतलेला पेला पुन्हा धूत नळापाशी उभी राहिली. ठिणगीला काय बोलणार? माझाच नियम, माझ्याच घरात, माझ्याच पुढ्यात.

पण रविवार जवळ येत होता आणि तो काय विचारणार ते मला पक्कं ठाऊक होतं. तिकडे समुद्रात एकटा पडलेला माणूस, त्याला "तीन" ऐकून घास कसा उतरायचा? रविवारी सकाळी मी ठिणगीला जवळ घेतलं. "आज बाबांचा फोन आहे ना, मग आज चार ताटं."

"पण तोंड?"

"फोनमध्ये आहे की तोंड! बोलतं ना?"

तिने विचार केला. पटलं तिला. दुपारी फोन आला, आवाज तुटत होता, आणि तिकडून पहिलाच प्रश्न, "किती ताटं मांडलीस गं?"

"चार!" ठिणगी ओरडली.

तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. पुढच्या रविवारी म्हणाला, ताई, सगळ्या जहाजाला सांगितलं मी, माझी पोर रोज माझं ताट मांडते. रोज! मी "हो, हो" म्हटलं. भावजय तेवढ्यात मला म्हणाली, "ताई, हे बरं नाही." मी तिला गप्प केलं. मोठेपणाचा तेवढा एक फायदा असतो, तो मी घेतला.

तसे जवळजवळ आठ महिने गेले. रविवारी चार, बाकीचे दिवस तीन. ठिणगी वीसपर्यंत मोजायला लागली आणि मटाराची शेंग चाचपायलाही शिकली. मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटत होते.

आणि मग तो न सांगता आला. जहाज ठरल्या तारखेच्या पंधरा दिवस आधी बंदराला लागलं होतं, म्हटलं चकित करू. संध्याकाळची वेळ, मी भाताचं पातेलं उतरवत होते, भावजय नुकतीच कामावरून आलेली, ठिणगी स्टुलावरून ताटं काढत होती. वळून बघते तर स्वयंपाकघराच्या दारात हा! दाढी वाढलेली, खांद्याला पिशवी, तोंडावर बोट. भावजयीने तोंडावर पदर धरला.

ठिणगीने एक, दोन, तीन ताटं मांडली आणि स्टूल जागेवर सरकवलं. तेव्हा तो फोनवरच्याच आवाजात म्हणाला, "किती ताटं मांडलीस गं?"

तिने वळून त्याच्याकडे नीट पाहिलं. घाबरली नाही, धावलीही नाही. "तीन," ती म्हणाली. "आज बुधवार आहे. बाबा रविवारी असतात."

त्याने पिशवी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या डावाकडे बघत राहिले. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

ठिणगी मात्र आपल्या हिशेबात होती. आई, आत्या, मी, असं बोट फिरवत ती त्याच्यापाशी पोचली, टाचा उंच करून त्याच्या दाढीला बोट लावलं आणि विचारलं, "हे तोंड जेवणार आहे?"

"हो," तो म्हणाला. "जेवणार आहे."

तिने चौथं ताट आणलं. तो ताटापुढे बसला, पण दोन घास खाल्ले असतील तर शपथ.

नंतर मी भांडी घासत होते आणि तो पुसत होता. मग म्हणाला, "ताई, जेवणारी तोंडं मोजायची, हे मला कुणी शिकवलं?"

"मी."

"मग?"

"मग काय मग! तूच म्हणालास ना, विसरू देऊ नकोस? कसं ठेवायचं तुला तिच्या डोक्यात, खिळा मारून?" मी त्याच्यावरच उखडले. अपराधी असले की मी अशीच उखडते. "तू तिकडे उपाशी झोपला असतास."

"मी तिकडे त्या चारवर जगलो," तो म्हणाला. "रविवार ते रविवार. आता ते आठ महिने पुन्हा मोजायचे कसे?"

मग मात्र मी रडले. खरकटे हात डोळ्याला लावता येत नव्हते, म्हणून तशीच रडले. त्याने पुसायच्या फडक्यानेच माझं तोंड पुसलं. तो लहान असताना मीही त्याचं तसंच पुसायची.

सुट्टीतले पहिले आठ दिवस ठिणगी त्याच्यापासून हातभर लांब होती. मग झाकणं निघाली, मोजे निघाले आणि ती त्याला चिकटली ती चिकटलीच. एक दिवस ताटं मांडताना तिने विचारलं, "जहाजावर तू किती मांडतोस?"

"बावीस. पण सगळे एका वेळी कुठे येतात? काहीजण ड्यूटीवर असतात. त्यांचं ताट मी पालथं ठेवतो."

"का?"

"म्हणजे कळतं, हा माणूस आपला आहे, त्याला काम आहे, तो मागून जेवणार आहे. मग मोजणी चुकत नाही."

झालं! दुसऱ्या दिवसापासून घरभर पालथी ताटं. आईला दुकानात उशीर झाला, ताट पालथं. मी न्हाणीघरात गेले, माझं ताट पालथं. बाहुली ड्यूटीवर, खेळण्यातला हत्ती ड्यूटीवर. मला भाजी वाढायला एक ताट सुलटं सापडेना. मी कावले तर बापलेक एकमेकांकडे बघून खुदुखुदु हसायचे. मला राग येत होता आणि असंच चालू राहावं असंही वाटत होतं.

दोन महिने कापरासारखे उडाले. तो सकाळी गेला. जाताना मला इतकंच म्हणाला, "ताई, या वेळी ती मोजेल ते मोजू दे."

दुपारी ठिणगी स्टुलावर चढली. मी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. ओठ घट्ट मिटले होते, काही शिकवायचं नाही म्हणजे नाही. ताटांचा आवाज मोजला. एक, दोन, तीन. मग थोडा वेळ काहीच नाही. मग चौथा आवाज. वळले. तीन ताटं सुलटी, एक पालथं.

भावजयीने ते पाहिलं आणि पहिल्यांदाच माझा हात धरला. आम्ही जेवलो. जेवण झाल्यावर मी ते चौथं ताट उचलायला गेले तर ठिणगी म्हणाली, "राहू दे. ते मागून जेवणार आहेत."

राहिलं. संध्याकाळी तिने त्या ताटाभोवती बाकीची तीन मांडली. मग पालथ्या ताटावरून बोट फिरवलं, फ्रॉकच्या टोकाने धूळ पुसली आणि घड्याळाकडे बघितलं.

"आत्या, ड्यूटी चार तासांची असते. बाबांनी सांगितलंय. लहान काटा बारावरून चारवर. आता तर सात वाजले."

माझ्या तोंडात शंभर गोड थापा तयार होत्या. मी त्या गिळल्या. "ही ड्यूटी मोठी आहे गं."

"किती मोठी?"

आठ महिने. दोनशे चाळीस दिवस. आणि हिला येतात वीस.

"तुला मोजता येतं त्याच्यापेक्षा खूप जास्त," मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. पण क्षणभरच. स्टूल ओढत ती माझ्यापाशी आली, वर चढली आणि माझ्या हनुवटीला बोट लावून म्हणाली, "मग मला पुढचे शिकव."

मी भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि एकवीसपासून सुरुवात केली. एकोणतीसला ती अडली. माझ्या हनुवटीवरचं तिचं बोट मी धरलं आणि आम्ही मिळून पुढे तीस म्हटलं.