वर्ष लागणारी बियर

माझ्या नवऱ्याला शेवटची बियर मी चुकीची करायला लावली.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. फोटोला हार घातला, सुनेनं पुरणपोळी केली, जरा वातड झाली. आता बसून हे लिहिते, सगळ्यांनी वाचावं म्हणून.

हे इथे इंग्लंडात, नॉटिंगहॅमला बस चालवायचे. रिटायर झाले आणि घरात बियर करायला लागले.
ज्या माणसानं चाळीस वर्षांत स्वतःचा चहा केला नाही, तो बियर करायला लागला.

बियर आंबवायची बादली एअरिंग कपबोर्डमध्ये, म्हणजे कपडे सुकवायच्या कपाटात, गरम पाण्याच्या टाकीशेजारी. माझ्या टॉवेलांना कायम पावाचा वास.

मी कधी थेंब घेतला नाही. पण पुढची कुठली करायची ते मी ठरवायची. सायनसमुळे ह्यांना वासच येत नव्हता ना.

एक बियर बाटल्यांत भरली की त्याच दिवशी किचन टेबलवर वाट्या मांडायचे. प्रत्येकीत वेगळं माल्ट. म्हणजे मोड आणून भाजलेले जव, दुसरं काही नाही.

"सांग."

मी चिमटीत चुरडून हुंगायची.

"हे करपलंय."
"अगं, स्टाउटचं, काळ्या बियरचं आहे ते. तसंच असतं."
"मग करा करपलेली."

एकदा एका वाटीला काकवीचा वास आला. म्हटलं, ही करा. ती बिटर नावाची इथली बियर निघाली. डेपोतल्या मित्रांनी एका दुपारी संपवली.

मी नको म्हटलेली एकदाच केली, गव्हाची. सिंकमध्ये गेली. मी काही बोलले नाही.
म्हणजे आठवडाभरच बोलले.

मग ह्यांचं आजारपण आलं. कन्सल्टंट डॉक्टरबाई म्हणाल्या, आता वर्षांच्या गोष्टी नकोत, महिन्यांच्या करा.

त्या रविवारी ह्यांनी वाट्या मांडल्याच नाहीत.
"यावेळी मी ठरवलंय. बार्ली वाइन."
"वाइन?"
"नाव वाइन. आहे बियरच, पण कडक. बाटलीत वर्षभर मुरावी लागते."

मुलगा, सून, नात टेबलाशीच होते. सगळे आपापल्या ताटात बघायला लागले.

मी म्हटलं, "तीन आठवड्यांत होणारी कुठली?"
"माइल्ड."
"मग ती करा. प्यायला मिळेल ती करा."

मुलगा म्हणाला, "आई, काय बोलतेस तू?"
हे हसले. "बरोबर बोलतेय ती. माइल्ड करू."

केली. प्यायले. चांगली झाली म्हणे.

आणि त्यानंतर हा माणूस चौदा महिने जगला.

दर महिन्याला मला ऐकवायचे.
"आज चौथा महिना. मुरायला लागली असती."
"गोळ्या घ्या."
"आज आठवा. रंग काय आला असता."
"बोला, बोला."

मला बरं वाटायचं. टोमणे मारतोय म्हणजे माणूस आहे अजून.

वर्ष भरलं त्या दिवशी म्हणाले, "आज उघडली असती."
मी म्हटलं, "एवढी हौस आहे तर आता करा. नातीला बोलावते मदतीला."

ह्यांनी गोळ्यांची डबी बंद केली.
मग म्हणाले, "नको. आता तुझं बरोबर आहे."

जन्मभर ह्यांच्याशी भांडून मी बरोबर निघाले. त्या दिवशी तेवढं नको होतं मला.

आज सकाळी नातीला, अन्वीला, म्हटलं, ती बार्ली वाइन कर.
"आजी, फुल इयर लागेल. तू शुअर आहे?"
"आहे."
"स्मेल करायला माल्ट आणू?"
"नको. ही त्यांनी ठरवलेली आहे."

माझं वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेलेत, शुगर आहे. वर्षभरानं तू असशील का, असं घरात कुणीही विचारलं नाही.
पोरं चांगली आहेत. माझ्यावर गेली नाहीत.

दुपारी बादली भरली. झाकण लावलं.

अहो, त्या रविवारी मी चुकले. तुम्ही होतात तेव्हाच म्हणायला हवं होतं, जीभ वळली नाही. आता सगळ्यांदेखत लिहिलंय.

वर्षभर थांबायचं मी कबूल केलंय.
तुम्ही निवांत असा. माझा नमस्कार.